सलामीनंतरचं बिल

ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. जनावरांच्या दवाखान्याच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंना गणवेशातले पोलीस उभे असतात. गाडीचं मागचं दार उघडतं आणि एक धिप्पाड माणूस म्हाताऱ्या जर्मन शेफर्डला दोन्ही हातांवर उचलून घेतो, कारण कुत्र्याच्या मागच्या पायांत आता बळ उरलेलं नसतं. रांगेतले हात सलामीसाठी कपाळाकडे जातात. वायरलेसवर कंट्रोल रूम त्या कुत्र्याच्या नावानं शेवटची हाक देते. उत्तर येत नाही. मग त्याची सेवेची वर्षं वाचली जातात आणि ‘तुझी ड्यूटी संपली’ असं सांगितलं जातं. अमेरिकेत हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. आपल्या मराठी ग्रुपांवरही हे व्हिडिओ फिरतात, खाली रडक्या चेहऱ्यांची माळ लागते आणि पाच मिनिटांनी कुणीतरी फराळाच्या ऑर्डरचं विचारतं.

रडण्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही रडते. तक्रार आहे ती त्या व्हिडिओत न दिसणाऱ्या काळाबद्दल. कुत्रा निवृत्त झाला तो दिवस आणि दवाखान्याचं ते दार, यांच्यामध्ये दोन-चार वर्षं गेलेली असतात. त्या काळात तो कुठे राहिला, त्याच्या सांध्यांची औषधं कुणाच्या क्रेडिट कार्डवर आली, हे तिथे कुणी सांगत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. पोलिसांचा कुत्रा आणि त्याचा हँडलर ही दोन वेगळी साधनं नसतात. ती जोडी मिळून एक साधन असतं आणि त्या दोघांमधलं नातं हा त्या साधनाचा कामाचा भाग असतो. सरकार ते नातं वर्षानुवर्षं वापरतं. तेव्हा त्या नात्याच्या अखेरीचा खर्चही सरकारच्याच खात्यात पडायला हवा.

हे हळवं वाटेल, म्हणून भावनेकडे नंतर येऊ. सुरुवात वासापासून करू.

माझं पोटापाण्याचं काम हवेतले अत्यल्प प्रमाणातले रेणू मोजण्याचं आहे. आमच्या प्रयोगशाळेतला मास स्पेक्ट्रोमीटर एका खोलीचा कोपरा व्यापतो, निर्वात पंपांचा घरघराट करतो, आणि त्याचे लाड घरातल्या थोरल्या जावयासारखे करावे लागतात. तरीही आरडीएक्सची वाफ पकडायची म्हटलं की त्याच्याही तोंडाला फेस येतो. कारण आरडीएक्स हवेत जवळजवळ उतरतच नाही. साध्या खोलीच्या तापमानाला, बंद डब्यातल्या हवेतसुद्धा, लाख कोटी रेणूंमागे त्याचे चार-पाच रेणू असतात. उघड्यावर तर त्याहून कितीतरी कमी. मग कुत्रा ते शोधतो कसं? उत्तर असं, की बहुतेक वेळा तो आरडीएक्स शोधतच नसतो. स्फोटक बनवताना वापरलेल्या आणि त्यात अडकून राहिलेल्या पदार्थांचा वास त्याला येतो. सायक्लोहेक्झानोन हा एक द्रावक, आणि सी-४ सारख्या मिश्रणात २-इथाइल-१-हेक्झॅनॉल. टीएनटीच्या बाबतीतही त्याच्यात अशुद्धी म्हणून उरलेल्या डीएनटीची वाफ हवेत जास्त असते.

त्या नाकाची बांधणी मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते. कुत्रा हुंगताना सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. आत गेलेल्या हवेचे लगेच दोन रस्ते होतात. मोठा प्रवाह फुप्फुसांकडे जातो, आणि लहानसा हिस्सा नाकाच्या मागच्या बाजूला असलेल्या एका वेगळ्या कप्प्यात शिरतो, जिथे वास ओळखणाऱ्या पेशी दाटीनं बसलेल्या असतात. बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या कडेच्या फटीतून मागे आणि खाली फेकली जाते. त्यामुळे समोरची हवा उधळली जात नाही, उलट नाकाकडे ओढली जाते. २०१६ साली अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापविषयक संस्थेतल्या संशोधकांनी लॅब्राडॉरच्या नाकाचं थ्रीडी छापील रूप बाजारात मिळणाऱ्या एका वाफशोधक यंत्राला जोडलं आणि त्याला कुत्र्यासारखं हुंगायला लावलं. यंत्राची क्षमता कित्येक पटींनी वाढली. नवीन रसायन काही नाही, फक्त श्वास घेण्याची रीत बदलली. मला हा प्रयोग फार आवडतो.

म्हणजे नाकाची थोडीफार नक्कल जमते आहे. अडतं कुठे? यंत्राचं उत्तर पडद्यावर आकड्यात येतं. कुत्र्याचं उत्तर असतं त्याचं वागणं. तो थबकतो, श्वासाची लय बदलते, शेपटीचा कोन बदलतो, खाली बसतो आणि वळून एका ठरावीक माणसाकडे बघतो. हे वाचायला तो माणूसच लागतो. आणि हा दुतर्फा रस्ता आहे. कुत्राही त्या माणसाला वाचत असतो.

किती वाचत असतो, याचा एक प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केला. अमली पदार्थ किंवा स्फोटकं शोधणाऱ्या १८ जोड्या त्यांनी घेतल्या. एका चर्चच्या खोल्यांमध्ये शोध घ्यायचा होता. हँडलरना सांगितलं, की काही ठिकाणी वासाचा नमुना लपवलेला असू शकतो आणि लाल कागदानं ती जागा दाखवलेली असेल. प्रत्यक्षात कुठेही काहीही लपवलेलं नव्हतं. १४४ शोधांमध्ये हँडलरनी २२५ वेळा सांगितलं, की कुत्र्यानं इशारा दिला. लाल कागद असलेल्या ठिकाणी असे इशारे जास्त आले. आता हे कुत्र्यानं हँडलरकडे बघून ठरवलं की हँडलरला नसलेलं दिसलं, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. आणि माझ्या दृष्टीनं खरी गंमत तीच आहे. वेगळं काढता येत नाही.

हा निष्कर्ष पोलिसी कुत्र्यांच्या विरोधात वापरला जातो, आणि कोर्टात तो वापरला जायलाच हवा. पण नाण्याची दुसरी बाजू बघा. ज्या संवेदनशीलतेमुळे ही जोडी चुकते, तिच्याच जोरावर ती काम करते. वारा कुठून येतोय, कुठला कोपरा राहिला, कुत्रा खरंच काही सांगतोय की दमलाय, हे हँडलरला कळतं ते त्या एका कुत्र्यासोबतच्या सवयीतून. बेल्जियमच्या लष्करातल्या श्वानपथकांवर २००७ साली आलेला एक अभ्यास सांगतो, की जे हँडलर कुत्र्याला घरी नेत किंवा ड्यूटीबाहेर त्याच्यासोबत खेळ-सराव करत, त्यांचे कुत्रे जास्त आज्ञाधारक होते. ही पाहणी प्रश्नावलीवर आधारलेली होती, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण पथकं चालवणाऱ्या अनुभवी माणसांनाही हेच वाटत आलेलं आहे, म्हणून तर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पोलिसांचा कुत्रा बहुधा हँडलरच्या घरीच राहतो. खातं त्याला कामानंतर कुलूप लावून ठेवत नाही. घरातल्या पोरांत लोळू देतं. हे औदार्य नव्हे. साधन त्यानं चांगलं चालतं.

आता आपल्याकडचा जंजीर आठवा. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या मुंबईत पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला हा लॅब्राडॉर. अमिताभच्या सिनेमावरून त्याचं नाव ठेवलं होतं. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधल्याची नोंद आहे. या आकड्यांपुढे माझी मान झुकते. पण संशोधकाच्या खोडीनं मी स्वतःला विचारते, यात हँडलरचा हिस्सा किती? तो काढता येणारच नाही. जंजीरचं नाव आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्याचा पट्टा धरून त्याच गाड्यांखाली, त्याच गोदामांत वाकून बघणाऱ्या हवालदारांची नावं किती जणांना सांगता येतील?

१६ नोव्हेंबर २००० रोजी परळच्या जनावरांच्या रुग्णालयात जंजीर हाडांच्या कॅन्सरनं गेला. वय आठ वर्षं. त्याला शासकीय इतमामात निरोप दिला गेला. फुलांखाली झाकलेल्या त्या कुत्र्याचा आणि त्याच्यापुढे वाकलेल्या अधिकाऱ्याचा फोटो अजूनही दर मार्चमध्ये फिरतो. योगायोग असा, की त्याच महिन्यात, ६ नोव्हेंबर २००० रोजी, अमेरिकेत ‘रॉबीज लॉ’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. त्यामुळे लष्करी कुत्र्यांना सेवेनंतर दत्तक देण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी लष्कराच्या हिशेबात कुत्रा म्हणजे सामान होता. व्हिएतनाममधून परतताना अमेरिकेनं हजारो कुत्रे मागे सोडले किंवा मारले, तेही याच हिशेबानं. त्यांच्यासोबत रात्री काढलेल्या सैनिकांनी पुढची कित्येक वर्षं ते मनातून काढलं नाही. आपणही नाकं मुरडायला नकोत. भारतीय लष्करातही कामातून गेलेल्या कुत्र्यांना मारून टाकण्याची प्रथा होती. २०१५ मध्ये माहिती अधिकारातून ती चव्हाट्यावर आली आणि मग धोरण बदलण्याच्या हालचाली झाल्या.

मुंबईचं दुसरं प्रकरण जास्त विचार करायला लावणारं आहे. २६/११ च्या हल्ल्याच्या वेळी काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघं निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका खासगी फार्मवर राहायला गेले. एका प्राणिप्रेमी बाईंनी त्यांना सांभाळलं. २०१६ या एकाच वर्षात चौघंही गेले. शेवटी ऑक्टोबरमध्ये सीझर. बातम्यांमध्ये तेव्हा असं आलं, की सोबती गेल्यावर सीझर खचला होता. त्याला गोचीडतापही झाला होता, पण मथळ्यात आलं ते दुःख.

कुत्र्याला दुःख होतं का? होतं असं मानायला जागा आहे, पण जपून. इटलीत २०२२ साली एक पाहणी झाली. घरातल्या दोन कुत्र्यांपैकी एक गेलेल्या ४२६ जणांना प्रश्न विचारले. मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात बदल झाला असं ८६ टक्के लोकांनी सांगितलं. तो लक्ष वेधत राही, खेळणं कमी झालं, खाणं कमी झालं. दोघं किती वर्षं सोबत होते याच्याशी या बदलाचा फारसा संबंध दिसला नाही. त्यांचं आपसात किती पटत होतं याच्याशी मात्र दिसला. पण हे सगळं मालकांच्या तोंडून आलेलं, आणि तेही स्वतः शोकात असताना. म्हातारा, आजारी, तापानं गळलेला कुत्रा आणि शोकातला कुत्रा बाहेरून सारखेच दिसतात. त्यामुळे सीझर दुःखानं मेला, असं मी लिहिणार नाही. कुणी लिहिलं तर त्यावर माझी मान डोलणार नाही.

याच विषयातली अजून एक गोष्ट माझ्या बाजूच्या विरोधात जाते, ती लपवत नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की कुत्र्याची मालकाशी असलेली ओढ लहान मुलाच्या आईशी असलेल्या ओढीच्या कसोटीवर मोजता येते. त्याच गटानं २००१ मध्ये निवाऱ्यातल्या बेवारस कुत्र्यांवर तीच कसोटी लावली. एखाद्या अनोळखी माणसानं दहा-दहा मिनिटं तीनदा हाताळलं, तेवढ्यावर त्या कुत्र्यांत त्या माणसाबद्दल ओढीची चिन्हं दिसू लागली. म्हणजे कुत्रा नवं माणूस जोडू शकतो, आणि लवकर जोडू शकतो. हँडलरची बदली झाली म्हणून कुत्रा झुरून मरतो, असं सरसकट म्हणणं चुकीचं ठरेल. ‘हाचिको’छाप गोष्टींवर सरकारी धोरण उभं करायला माझा विरोध आहे.

मग हँडलरकडेच कुत्रा जावा असा आग्रह का? एक तर कुत्रा सावरतो म्हणून त्याला सावरायला लावावंच, असं होत नाही. दहाव्या वर्षी मोतीबिंदू आणि आखडलेली कंबर घेऊन नवं घर, नवी जमीन, नवे आवाज शिकणं हे शेल्टरमधल्या तरण्या कुत्र्यानं नवा माणूस जोडण्यासारखं नाही. दुसरं म्हणजे या जोडीत माणूसही आहे. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं, की मालक आणि कुत्रा एकमेकांकडे जितका वेळ बघत, तितकं ऑक्सिटोसिन दोघांतही वाढलं. माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत असं दिसलं नाही. तो नमुना लहान होता, त्यावर महाल बांधू नये. पण रोज आठ-दहा तास ज्याच्या नजरेवर आपला जीव सोपवायचा, त्याच्याशी बांधलं जायला माणसाला ऑक्सिटोसिनचा दाखला लागत नाही. मुंबईत कुत्रे पथकाच्या केनेलमध्ये राहतात. हँडलर पोलीस लाइनीतल्या दीड खोलीत, बायकापोरांसह आणि कदाचित आई-वडिलांसह. कुत्रा निवृत्त झाला की त्याला घरी न्यायची कितीही इच्छा असली, तरी न्यायचं कुठे? आणि खात्यात शोकाला शब्द नसतो. नवं पिल्लू हातात दिलं जातं आणि ट्रेनिंगला पुण्याला पाठवतात.

अमेरिकेत जागा आहे, तर बिलाचा प्रश्न आहे. इथे अनेक ठिकाणी निवृत्त कुत्रा हँडलरला एक डॉलरला विकतात. ऐकायला गोड वाटतं. पण त्या एका डॉलरच्या कागदावर आणखी काही लिहिलेलं असतं: यापुढे या जनावराची सगळी जबाबदारी, दवापाण्यासकट, तुमची. आठ वर्षं उड्या मारून, गाड्यांतून झेपावून, कुंपणं ओलांडून झिजलेले खुबे आणि कमरेचे मणके, त्यांची शस्त्रक्रिया, तिचा खर्च काही हजार डॉलर. पाळीव प्राण्यांचा विमा घ्यायला जा, तर ‘आधीपासूनचं दुखणं’ हे कलम दारातच उभं. आई-वडिलांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स काढलेल्या कुणालाही या कलमाची वेगळी ओळख करून द्यायला नको. म्हणजे कामामुळे झालेलं दुखणं, काम करवून घेणाऱ्यानं एका डॉलरला विकून टाकलेलं असतं.

हे बदलता येतं, आणि काही ठिकाणी बदललंय. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर पोलिसांनी २०१३ मध्ये निवृत्त कुत्र्यांसाठी पेन्शनसारखी योजना आणली. तीन वर्षांत १,५०० पौंडांपर्यंत दवाखान्याचा खर्च. फ्लोरिडानं २०२२ मध्ये कायदा करून निवृत्त पोलिसी कुत्र्यामागे वर्षाला १,५०० डॉलरपर्यंत उपचारखर्च परत द्यायची सोय केली. रकमा मोठ्या नाहीत. त्या राज्याच्या अंदाजपत्रकात हा आकडा भिंगातून शोधावा लागेल. ब्रिटनमध्ये २०१९ च्या ‘फिन्स लॉ’मुळे ड्यूटीवरच्या कुत्र्याला इजा करणाऱ्याला स्वसंरक्षणाची सबब सांगणं कठीण झालं, हे चांगलंच झालं. फक्त तो कायदा सुऱ्यापासून वाचवतो, म्हातारपणाबद्दल त्यात काही नाही.

शेवटपर्यंत लक्ष ठेवलं तर आणखी काय मिळतं, याचं उदाहरण ९/११ चं आहे. न्यूयॉर्क आणि पेंटागॉनच्या ढिगाऱ्यांत काम केलेल्या ९५ कुत्र्यांचा आणि तिथे न गेलेल्या ५५ शोधकुत्र्यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी अखेरपर्यंत मागोवा घेतला. निष्कर्ष २०२० मध्ये आले. दोन्ही गटांच्या आयुर्मानात आणि मृत्यूच्या कारणांत लक्षणीय फरक नव्हता. ती धूळ फुप्फुसात घेतलेल्या कुत्र्यांबद्दल सगळ्यांची भीती वेगळीच होती. हे कळलं, कारण हँडलरनी वर्षानुवर्षं तपासण्या करून घेतल्या, माहिती पाठवली, आणि कुत्रा गेल्यावर शवविच्छेदनालाही संमती दिली. त्यांच्यातली शेवटची हयात मानली जाणारी गोल्डन रिट्रीव्हर ब्रेटान्ये ६ जून २०१६ रोजी टेक्सासमध्ये सोळाव्या वर्षी गेली. तिलाही दवाखान्याच्या दारात अग्निशमन दलानं रांगेत उभं राहून सलामी दिली. त्या सलामीमागे मात्र पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या. केनेलमधून कुठल्या तरी फार्मवर आणि तिथून पुढे गेलेल्या कुत्र्याची अशी नोंद कोण ठेवणार? मुंबईच्या त्या चौघांनी २६/११ ला काय काय श्वासातून आत घेतलं, याचा अभ्यास करायला आज आपल्याकडे काहीच नाही.

तुम्ही ज्या गावात राहता तिथल्या पोलिसांसाठी नव्या कुत्र्याची किंवा त्याच्या बुलेटप्रूफ जॅकेटची वर्गणी कधीतरी मुलांच्या शाळेतून येईल. जरूर द्या. सोबत एक ईमेल पाठवा. अमेरिकेत पब्लिक रेकॉर्ड्सचा अर्ज करता येतो, ब्रिटनमध्ये फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनचा, आणि महाराष्ट्रात तुमच्या भावाला किंवा बहिणीला माहिती अधिकाराचा. विचारायचं एवढंच: गेल्या दहा वर्षांत तुमच्या पथकातून किती कुत्रे निवृत्त झाले, त्यांपैकी किती त्यांच्या हँडलरकडे गेले, न गेलेले कुठे गेले, आणि निवृत्तीनंतरच्या उपचारांवर खात्यानं किती खर्च केला. उत्तर आलं, तर मला कळवा. मी आकडे एकत्र करून इथेच मांडेन.